अक्काच्या रुपयाची पारख

लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्र पडलं आणि पाठोपाठ एक रुपया पडला. निजामाच्या राज्यातला, चारमिनार उमटवलेला हाली रुपया. वर कडी जोडलेली, तिच्यातून काळा गोफ ओवलेला. तो माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा होता. ती वारली होती आणि मी बिजवराला दिलेली पोर. मेलेली सवत घर सोडत नाही, नव्या बायकोच्या सुखाला दृष्ट लावते, म्हणून तिला गळ्यात घालूनच संसार करायचा, अशी आमच्यात रीत होती. ऐपत असेल तर तिचा चांदीचा टाक घडवतात, म्हणजे बोटाच्या पेराएवढी मूर्ती. आमच्याकडं तिच्याच लग्नाच्या ओटीतला रुपया शिल्लक होता, म्हणून तो टाकाच्या जागी चालवून घेतला. सासूबाईंनी गोफाची गाठ मारली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "आधी तिला, मग तुला."

हे आधी-मग मी मनापासून पाळलं. सकाळी कुंकू लावायचं तर आधी रुपयाला बोट, मग कपाळाला. नवं लुगडं नेसायचं तर आधी घडीवर रुपया टेकवायचा, तिनं नेसलं असं धरायचं, मग मी नेसायचं. ताटावर बसलं की पहिला घास तिला दाखवायचा. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तर तिचा वेगळा पाट मांडायचा, पाटावर रुपया, पुढं पुरणाचं वाढलेलं ताट. लोक म्हणतात कानामागून आली अन् तिखट झाली. मी कानामागून आले ती मागंच राहिले.

माझं माहेर उदगीरकडचं, सासर बीदरकडच्या हळ्ळीखेडचं. अंतर म्हटलं तर फार नाही, पण मला ते फार होतं. माहेरी आम्ही बहिणी-बहिणी, घरात सारखा गलका. इकडं आल्यावर कान बसल्यासारखे झाले. उजव्या हाताला मेंढरं राखणाऱ्यांचं घर होतं, ती माणसं कानडी बोलायची आणि उजाडताच रानात निघून जायची. डाव्या हाताला मोकळी जागा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांना ऐकूच येत नव्हतं. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर दोन शब्द पोचायचे, आणि सून म्हणून सासूच्या कानाशी जाऊन ओरडायचं तरी किती अन् काय?

राहिले हे. हे म्हणजे माझे मालक, गावच्या शाळेत मास्तर. निजामाच्या दिवसांत पोरांना उर्दूतून शिकवायचे, निजाम गेल्यावर मराठी-कानडी सुरू झालं तेव्हा स्वतःच परत शिकत बसले. शाळेत मोठ्यानं बोलतात, पोरं थरथरतात, असं मी ऐकून होते. मला ते खरं वाटायचं नाही. घरी आले की पाय धुवायचे, टोपी खुंटीला लावायची, ओसरीवर बसायचं. जेवायला वाढलं का, हे एवढंच विचारायचे, आणि तेही मला विचारायचे का भिंतीला, कळायचं नाही. मला वाटायचं, सगळे शब्द शाळेत वाटून येतात, आडातच उरलं नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पुढं पुढं वाटायला लागलं की तसं नाही. ह्यांच्या मनात ती आहे, मी फक्त भाकरीला आणलेली आहे.

तर मी तिच्याशीच बोलायला लागले. सवत म्हणायला जीभ उचलेना. शेजारची मेंढरंवाली थोरल्या बहिणीला अक्का म्हणायची, ते मला आवडलं, म्हणून ती अक्का झाली. चूल पेटवताना धुरानं डोळे भरले की म्हणायची, "अक्का, तुझ्या वेळंला बी हे धुराडं असंच तुंबायचं का गं?" पीठ मळताना माहेरच्या गोष्टी सांगायची. यंदा दिवाळीला न्यायला कोण येतंय का न्हाई, बांगड्या हिरव्या घ्याव्यात का लाल, ह्यांना वांग्याची भाजी खरंच आवडती का नुसतं ताटातलं संपवायचं म्हणून संपवत्यात, सगळं तिला विचारायची. आणि हेही विचारायची की मला दिवस कामून जात न्हाईत, तू तर आडवी येत न्हाईस न्हवं? रागावून नाही, बहिणीला विचारावं तसं. आत्याबाईंना ऐकू येत नव्हतं, त्यामुळं आवाज चोरायचीही गरज नव्हती.

कुणी म्हणेल बाईला वेड लागलं. लागलं नाही, ते अक्कामुळंच लागलं नाही. दिवसाकाठी एका माणसाशी बोलल्याशिवाय बाईमाणूस जगत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

रुपयाच्या एका अंगाला चारमिनार होता आणि चारमिनाराच्या मधोमध कमान. त्या कमानीत मी अक्काला बसवली होती. दर शुक्रवारी चिंच आणि राख घेऊन रुपया घासायचा, तोही रिवाजच. पण रुपया आठवडाभर उजळ राहायचा नाही. दोन-तीन दिवसांत काळपट व्हायचा, उन्हाळ्यात तर दुसऱ्याच दिवशी. मला वाटायचं, अक्का रुसली. मग आदल्या दिवशी काय चुकलं ते मी शोधत बसायची. घास दाखवायला विसरले का, हळदीकुंकवाला गेले तिथं तिचं कुंकू राहिलं का. काही ना काही सापडायचंच, शोधणाऱ्याला चूक सापडत नाही असं होत नाही. मग परत चिंच, परत राख, आणि "चुकलं गं अक्का, एवढ्या बारीला ऱ्हाऊ दे." लख्ख झाली की तिचा रुसवा गेला असं मी धरायची आणि मलाही हलकं वाटायचं. असं करता करता मिनार पुसट झाले, उलट्या बाजूचं उर्दूसारखं लिहिलेलं पुसट झालं, आणि एका दिवाळीच्या सुमाराला बघते तर कमान दिसेनाशी झाली होती.

त्याच सुमाराला हाली रुपया बंद होणार ही बोलवा पक्की झाली. सगळीकडं आता हिंदुस्थान सरकारचा कलदार चालणार. गावात ज्यानं त्यानं गाडगी-मडकी उकरून जुनी नाणी बाहेर काढली. एके दिवशी हे जेवताना अचानक बोलले. मी हातातली भाकरी तव्यावर टाकायची विसरले, इतकं ते नवल होतं.

"तुझ्या गळ्यातला रुपया बी हालीच हाये," हे म्हणाले. "घासून घासून नुसती चकती झालीय. बीदरला जाऊन मोडीत देऊ आणि त्यात भर घालून चांदीचा टाक करून घेऊ. तिचा बी मान ऱ्हाईल."

मग आत्याबाईंच्या कानाशी जाऊन तेच मोठ्यानं सांगितलं. आत्याबाई खूष झाल्या. टाक म्हणजे इभ्रत. त्यांना तर पहिल्यापासून टाकच हवा होता.

मला कुणी विचारलं नाही. त्या दिवशी मी परसात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू. टाक म्हणजे सोनाराच्या साच्यातून निघालेलं कुठल्याही बाईचं तोंड. त्याच्याशी मी काय बोलणार? अक्का ह्या रुपयात होती. हा तिच्या ओटीत पडलेला, तिच्या बोटांनी हाताळलेला, मरेस्तोवर तिनं जपलेला. हा मोडीत गेला, वितळला, की घरात माझं म्हणून कुणी उरत नव्हतं. मी अक्काला सांगून टाकलं, "भिऊ नकोस, मी तुला देत न्हाई. सराफासमोर नवऱ्याला न्हाई म्हणायची पाळी आली तरी म्हणीन."

आम्ही मोटारीनं बीदरला गेलो. सबंध वाटेत हे खिडकीकडं आणि मी रुपयावर मूठ धरून. चौबाऱ्याच्या बुरुजाअलीकडं एका बोळात सराफाचं दुकान होतं. म्हातारा गादीवर बसलेला, भुवया पांढऱ्या, मराठी आमच्याचसारखं बोलायचा, मध्येच कानडीत नोकरावर खेकसायचा. ह्यांना ओळखत होता. मी गळ्यातून गोफ काढला. लग्नानंतर पहिल्यांदा गळा रिकामा झाला आणि मला तिथं गार लागलं.

सराफानं कडी काढून बाजूला ठेवली. रुपया तळहातावर घेऊन नुसताच बघत बसला. मग दगडावर टाकून आवाज ऐकला, काट्यात घातला, परत काढला. कडेनं नख फिरवलं. कसोटीच्या काळ्या दगडावर कड घासून रेघ ओढली, शेजारी आपल्या पेटीतला एक जुना रुपया घेऊन त्याची रेघ ओढली. त्याची रेघ पांढरी आली. आमची लालसर.

"मास्तर," तो म्हणाला, "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. ह्यात निम्मी भेसळ हाये. चालवायचा म्हणाल तर चारमिनार दिसंना, अक्षर दिसंना, वर कडीचा डाग. कुणी घ्यायचं न्हाई. मोडीत म्हणाल तर चांदी निम्मी, त्यातनं झीज वजा. टाकाला तुमचीच भर सगळी पडंल, ह्याची नुसती चव लागंल."

मला बरंच वाटलं. किंमत येत नाही तर मोडायचा कशाला, असं म्हणायला तोंड मिळालं. पण म्हातारा थांबला नाही. त्याला रुपयाचं कौतुक वाटायला लागलं होतं.

"न्यारी झीज हाये ही," म्हणत त्यानं रुपया आडवा धरून मला कड दाखवली. "हे दाते बघा, करकरीत हायेत. हातोहात फिरलेल्या नाण्याचे दाते बोथट व्हत्यात. हा बाजारात फिरलाच न्हाई. वय बी न्हाई ह्याला. मोठ्या लढाईत चांदी महागली तवा सरकारनं हे भेसळीचे रुपये पाडले, त्यातला हा. म्हंजे कालपरवाचाच की. अन् तोंड मात्र पणज्याच्या काळातलं."

मी सासरची सून, परक्या माणसासमोर बोलायची नाही, हे सगळं विसरले. "लढाईचा कसा आसंल?" मी म्हणाले. "अक्काचं लगीन लढाईच्या लई आधीचं. हा तिच्या ओटीतला रुपया हाये. तुमचंच काय तरी चुकायलंय."

म्हाताऱ्याला राग आला नाही. "बाई, मी माणसाला फसतो, दगडाला फसत न्हाई. हा रुपया टाकसाळीतनं निघाला तवा तुमच्या अक्काचं लगीन व्हऊन जुनं झालं असंल." मग त्यानं विचारलं, "चिंच-राखेनं घासता का?"

"दर शुक्रवारी."

"अन् मधी?"

"मधी काळी पडती तवा. रुसती तवा."

तो जरा गोंधळला, मग त्याला उलगडलं असावं. आवाज खाली आणून म्हणाला, "रुसत न्हाई बाई. तांबं हाये ते. घाम लागला की काळं पडतंय. चांगल्या चांदीला एवढं घासावं लागत न्हाई. ही सगळी झीज तुमच्या हातची हाये, दुसऱ्या कुणाचा हातच ह्याला लागल्याला दिसंना."

मी ह्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हे म्हणतील, असं कसं होईल, आईनं स्वतः सांभाळलेला रुपया आहे. हे गादीच्या कडेचा दोरा ओढत खाली बघत होते. शाळेत अभ्यास न करता आलेली पोरं ह्यांच्यासमोर कशी उभी राहत असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

"मोडायचा न्हाई," मी म्हणाले आणि सराफाच्या हातातून रुपया घेतला. कडी तिथंच राहिली. म्हाताऱ्यानं पारखीचे पैसेही घेतले नाहीत.

मोटार यायला वेळ होता. अड्ड्यावर लिंबाखाली दगड होता, तिथं आम्ही बसलो. बोळ ओलांडून तिथवर येईपर्यंत माझा राग टाळूला भिडला होता. रुपया बदलला कुणी? आत्याबाईंनी? खरा विकून खाल्ला का कुणी? मी तोंड उघडणार तेवढ्यात हेच बोलले.

"मला ठाऊक व्हतं."

मी खाली बघून रुपयाची कड चाचपत राहिले. बोलले असते तर हे परत मिटले असते.

"ती हैद्राबादला दवाखान्यात वारली," हे म्हणाले. "आई गावीच व्हती. मी एकटाच व्हतो तिच्याजवळ. रुपया तिच्या मुठीत व्हता, ओटीतला. शेवटच्या दोन दिवसांत तिनं तो सोडलाच न्हाई. तिथल्या बाया मूठ उघडायला लागल्या. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या. तसाच गेला तिच्यासंगं." हे परत म्हणाले, "घरी आलो तर आईनं पहिला रुपयाच मागितला. तिच्या नावानं देव्हाऱ्यात ठेवायला. काय सांगणार? खिशात मोटारीचं भाडं देऊन उरलेला रुपया व्हता, तो काढून दिला."

म्हणजे कंडक्टरनं भाडं कापून परत दिलेला, कुणाचाही, कुठलाही रुपया. त्याला मी कुंकू लावलं. नेसायच्या आधी त्याला लुगडी नेसवली. पुरणाचं ताट त्याच्यापुढं वाढलं. माझ्या पोटात जे होतं नव्हतं ते त्याला सांगितलं. अक्का त्यात एक दिवससुद्धा नव्हती. मी इतकी वर्षं त्या स्वैपाकघरात एकटी होते, आणि मला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. एकटं असणं सोसता येतं. पण सोबत होती असं धरून काढलेले दिवस एकदम रिकामे निघाले की माणसानं कुठं बघावं? मी लिंबाखाली पदर तोंडावर घेऊन रडले. येणारे-जाणारे बघत होते, ह्यांनी मला उगी राहा असंही म्हटलं नाही, पण उठूनही गेले नाहीत.

रडं ओसरल्यावर माझ्या ध्यानात आलं की तिच्याबद्दल मला काहीच माहीत नाही. मी तिला सगळं सांगितलं होतं, ती मला कधी काय सांगणार? मी पदर बाजूला केला आणि विचारलं, "ती कशी व्हती?"

मला वाटलं, गोरी होती, सुगरण होती, असं काही म्हणतील, आणि मी तयारीतच होते, ऐकून घ्यायच्या.

"तुझ्यावानीच," हे म्हणाले. "स्वैपाकघरात एकटीच बोलायची. चुलीशी, तव्याशी. दळायला बसली की जात्याशी. दिवाळीला न्यायला कोण येतंय का, हे विचारायची. तू बी विचारतीस."

ओसरी आणि स्वैपाकघर ह्यांच्यामध्ये आमच्या घरात एक कुडाची भिंत होती. तिकडं हे बसलेले असायचे, हे मला ठाऊक होतं. पण ह्या माणसाच्या कानात काही जात असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. बांगड्या, वांग्याची भाजी, न राहणारे दिवस, मी फक्त भाकरीला आणलेली आहे हे, सगळं.

"सगळं ऐकू येत व्हतं तुम्हाला?"

"व्हय."

"तिचं बी अन् माझं बी?"

"व्हय."

मला असा संताप आला की रुपया ह्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. दोन बायका एका मागोमाग एक त्या धुरात बोलून बोलून झिजल्या, आणि हा माणूस कुडाच्या पलीकडं टोपी काढून बसलेला. "मग एकदा तरी उत्तर कामून दिलं न्हाई?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, चढू दे म्हटलं. "एक शब्द. आत येऊन एकदा म्हणायचं, की बाई, येतंय मला ऐकू."

हे समोर मोटारीच्या वाटेकडं बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्याशी कुठं बोलत व्हतीस तू? ती बी न्हाई बोलली कधी."

मी मुठीतला रुपया पदराच्या टोकाला बांधला. मोटार आली, गर्दी उठली, आणि आम्ही चढून बसलो.